तेविसावा पट्टा

गॅरेजात त्याला सगळे वैद्य म्हणत. खरं नाव दवाखान्याच्या केसपेपरपुरतं उरलं होतं. वैद्य म्हणायचं कारण असं, की इंजिनाला नवा टायमिंग बेल्ट घातला की तो किती ताणायचा हे हा माणूस बोटांनी ठरवायचा. पट्ट्याचा जो भाग दोन चाकांमध्ये सगळ्यात लांब आणि मोकळा असतो, त्याच्या मधोमध अंगठा आणि तर्जनी लावायची, डोळे मिटायचे आणि पट्टा हलकेच पिळायचा. बघणाऱ्याला वाटावं, कुणा आजाऱ्याची नाडीच बघतोय. पट्टा पाव फेरा वळला पाहिजे आणि तिथे अडला पाहिजे. त्याच्या आत अडला तर घट्ट, सहज पुढे गेला तर सैल. घट्ट पट्टा निदान रडतो तरी. शिट्टीसारखा बारीक आवाज काढत पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खातो. सैल पट्टा काहीच बोलत नाही. एके दिवशी दोन दात सोडून पुढे सरकतो, आत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाचं भंगार होतं.

गरम इंजिनाला तो हात लावत नसे. इंजिन तापलं की फुगतं, पट्टा आपोआप ताणला जातो आणि खोटं बोलतो, असं त्याचं म्हणणं. गाडी आणणारा कितीही घाईत असो, गाडी रात्रभर उभी राहायची. सकाळी पट्टा बसवून झाला की तो पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचा, खुणा जुळतात का बघायचा आणि पुन्हा एकदा पिळायचा. मगच कव्हर लावायचं. एकतीस वर्षांत त्याचा एकही पट्टा दात सोडून सरकला नव्हता. मालक वडिलांच्या मागे गॅरेज सांभाळणारा, त्याच्यापेक्षा बराच लहान. त्याने एकदा ताण मोजायचं काट्याचं यंत्र आणलं. वैद्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "छान आहे. माझ्यामागे उपयोगी पडेल." तेव्हापासून ते कपाटात वरच्या फळीवर होतं.

घरी या बोटांचा कुणाला काही उपयोग नव्हता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मोरीतला नळ चार चार महिने गळायचा आणि शेवटी त्याची बायकोच दोऱ्याची गुंडाळी करून तो बंद करायची. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की गाडीला बॉनेट असतं म्हणून नवरा तिच्याकडे बघतो, आपल्याला नाही.

तिलाच पहिल्यांदा शंका आली. त्याला सकाळी तयार व्हायला वेळ लागू लागला. शर्टाची बटणं तो आरशात बघून लावायचा, आणि तरी एखादं राहायचं. कडी लावताना कडीकडे टक लावून बघायचा. तिला वाटलं, डोळे गेले. चष्म्याचा नंबर काढायला चला म्हणून ती हात धुऊन मागे लागली, त्याने ऐकलं नाही.

मग एका रविवारी तो पेपर वाचत बसला होता आणि ती समोर भाजी निवडत होती. त्याच्या तर्जनीच्या टोकाला काहीतरी चमकलं. तिने हात ओढून घेतला. पत्र्याचा कीस होता, चांगला आत रुतलेला, भोवती पिकलेलं. तिने चिमटा आणला आणि खुपसून खुपसून तो उपसला. पू आला, रक्त आलं. तो पेपर वाचत होता. एवढंच नाही, पान संपल्यावर ते उलटायला हात मोकळा नाही हे बघून त्याने विचारलं, "काय करतेयस?"



हळूहळू सगळं बाहेर आलं. रक्तातल्या साखरेने नसा मेल्या होत्या. डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, आणि गेलेलं परत येत नाही हेही सांगितलं होतं. पायाची बोटंही तशीच होती, पण पायांचं त्याला काही वाटत नव्हतं. मग इतके दिवस पट्टे कसे लावले, असं तिने विचारलं. अंदाजाने, तो म्हणाला. एक गाडी शिट्टी वाजवत परत आली होती. त्याने पंप खराब निघाला म्हणून सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली.

"ते यंत्र आहे ना कपाटात?"

"ते खाली काढलं की संपलं," तो म्हणाला. "यंत्र कुणीही धरतं. मग मला कशाला ठेवतील?"

तो छप्पन्न वर्षांचा होता. बाकीची कामंही त्याला येत होती, पण ती सगळ्यांनाच येतात. त्याची ओळख त्या दोन बोटांत होती, आणि हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. लग्नाकार्यात लोक तिला "त्या पट्टा पिळणाऱ्यांच्या मिसेस" म्हणून ओळखायचे, आणि तिला ते आवडायचं.

तर उपाय तिनेच काढला. गॅरेज रविवारी बंद असे. पट्ट्याची कामं वैद्याने रविवारवर ढकलायला सुरुवात केली. इंजिन निवांत गार होतं, शांतपणे बघता येतं, असं कारण सांगितलं, आणि त्याच्या तोंडून ते कुणालाही पटलं. दुपारी ती त्याचा जेवणाचा डबा घेऊन जायची. आत गेल्यावर दार लोटून घ्यायची, पदर खोचायची आणि इंजिनावर वाकायची. नवऱ्याची बोटं गेली होती, तिची शाबूत होती.

पहिला रविवार मात्र नुसता वैतागात गेला. किती पिळायचं हे तो सांगू शकत होता, पण पट्टा कसा लागला पाहिजे ते सांगायला त्याच्याकडे शब्दच नव्हते. "पाव फेऱ्यापर्यंत तर कुणीही नेईल गं. तिथे तो किती जोरात नाही म्हणतो, ते बघायचं."

"किती जोरात म्हणजे?"

"म्हणजे... नाही म्हणतो तेवढं."

"अहो, असं तुम्ही मला आयुष्यभर सांगत आलात. नीट सांगा."

शेवटी त्याने गॅरेजातच उभी असलेली मालकाची स्वतःची गाडी उघडली. तिचा पट्टा त्याने बोटं चांगली असताना लावलेला होता. तो तिने पिळून बघितला. एकदा, दहादा, तीसदा. आणि मग तिचं तिलाच सापडलं. मुलगी शाळेत असताना ती तिच्या वेण्या घालायची. पेड जास्त ओढला की पोरगी किंचाळायची, कमी ओढला की मधल्या सुट्टीपर्यंत वेणी सुटायची. या दोन्हींच्या मध्ये एक जागा होती, ती तिच्या हाताला दहा वर्षं रोज सकाळी सापडत होती. ती जागा हीच. तिने तसं त्याला सांगितलं नाही. इंजिनाची वेणीशी तुलना त्याला सहन झाली नसती. ती फक्त म्हणाली, "कळलं."

मग तो ताण देणाऱ्या चाकाचा बोल्ट सैल करायचा, ती पिळायची, "अजून थोडा", "झाला", "नाही, गेला पुढे", असं म्हणायची आणि तो बोल्ट आवळायचा. दोन फेरे फिरवून झाले की ती पुन्हा पिळायची. घरी येऊन साबणाने तीनदा हात धुवायची, तरी नखांत काळं राहायचं. गॅरेजचा रंगारी शेजारच्याच गल्लीत राहायचा. तिला डबा घेऊन जाताना बघून तो दर रविवारी म्हणायचा, "वैद्यीणबाई निघाल्या. पेशंट गंभीर दिसतोय." ती हसायची. दीड वर्षात असे बावीस पट्टे झाले. एकही परत आला नाही. आता तो तिला शर्टाची बटणं लावू द्यायचा. इंजिनावर वाकून एकमेकांशी ते जेवढं बोलायचे तेवढं लग्न झाल्यापासून कधी बोलले नव्हते, आणि खरं सांगायचं तर तिला रविवारची वाट बघायची सवय लागली होती.

मग मुलीचे दिवस भरत आले. मुलगी दूर, सासरी दुसरं कुणी नाही, जावई दोन पाळ्यांत कामाला. आईला जाणं भागच होतं. निघताना तिने त्याच्या सगळ्या शर्टांची बटणं काढून आत वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि बटणं वरून नुसती दिसण्यापुरती शिवली. आणि बजावलं, दीड महिना एकही पट्टा घ्यायचा नाही. कंबर धरलीय म्हणा, वाकता येत नाही म्हणा. तो हो म्हणाला.

तीन आठवडे त्याने कंबर धरली. चौथ्या आठवड्यात व्हॅनवाला आला. हा माणूस शाळेची मुलं ने-आण करायचा. त्याच्या व्हॅनचा पाण्याचा पंप गळत होता, पंप बदलायचा म्हणजे पट्टा उतरवावा लागतो, आणि पट्टा उतरवलाच आहे तर नवाच घालायचा. शाळा सोमवारी उघडणार होती. मालकाने समोरच्या सुट्या भागांच्या दुकानातून, म्हणजे पार्टवाल्याकडून, नवा पट्टा आणला, पंप स्वतः बसवला आणि वैद्याला हाक मारली. कंबरेचं सांगायला वैद्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मालक म्हणाला, "तुम्ही वाकू नका बुवा, मी सगळं करतो. तुम्ही फक्त दोन बोटं लावा."

यावर काय म्हणणार? यंत्र कपाटात होतं, चार पावलांवर. ते मागितलं असतं तर मालकाने दिलंही असतं, पण का म्हणून विचारलं असतं. रंगारीही हातातलं काम सोडून बघत उभा राहिला होता, नेहमीसारखा. वैद्याने बोटं लावली, डोळे मिटले आणि पिळलं. काहीच कळलं नाही. त्याने डोळे किलकिले करून बघितलं. पट्टा पाव फेरा वळलेला दिसत होता. तिथे तो अडला होता, की यानेच हात थांबवला होता, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

"बस," तो म्हणाला. मालकाने बोल्ट आवळला.

त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला. नात झाली होती, वजन चांगलं होतं, मुलगी सुखरूप होती. हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, एखादा पट्टा वगैरे घेतला नाहीत ना? नाही, तो म्हणाला.

अकराव्या दिवशी व्हॅन भर चौकात बंद पडली. आत चार मुलं होती. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने ब्रेक मारला आणि तो वीतभर अंतरावर थांबला, म्हणून कुणाला काही झालं नाही. मुलांना पायी घरी पोचवून व्हॅनवाला गॅरेजात आला. व्हॅन ओढून आणली. मालकाने कव्हर काढलं. पट्टा सरकला होता, दोन ठिकाणी दात सोलवटले होते. इंजिनाचं डोकं उघडलं तर आठही व्हॉल्व्ह वाकलेले.

मालकाने एकदाही वैद्याकडे बघितलं नाही. बघायचं त्याच्या मनातच आलं नाही. तो सोलवटलेला पट्टा घेऊन तडक रस्ता ओलांडून गेला आणि तो पार्टवाल्याच्या टेबलावर आपटला. नकली माल, म्हणाला. चार मुलांचे जीव गेले असते, म्हणाला. पार्टवाला हा वाळलेला, हळू बोलणारा माणूस, प्रत्येक खोकं गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवल्याशिवाय द्यायचा नाही. त्याने कंपनीचं रिकामं खोकं आणून दाखवलं, त्यावरचा शिक्का दाखवला. शेवटी, अगदी भीतभीत, त्याने विचारलं, की कुठे लावताना तर काही...

"लावलाय कुणी माहितीय ना?" मालक म्हणाला.

पार्टवाल्याने रस्त्यापलीकडे बघितलं. वैद्य गॅरेजच्या दारात उभा होता. पार्टवाल्याने मान खाली घातली. वैद्यांचा हात चुकेल असं त्यालाही वाटत नव्हतं.

गॅरेजने त्याच्याकडून माल घेणं बंद केलं. पंधरा दिवसांत ओळीतल्या बाकीच्या गॅरेजांनीही केलं. व्हॅनवाला दुकानासमोर उभा राहून रोज सकाळी अर्धा तास शिव्या द्यायचा, कारण सकाळी त्याला आता दुसरं काम नव्हतं.

बायको परत आली ती बाळाच्या फोटोंनी भरलेला फोन आणि सुजलेले पाय घेऊन. दुसऱ्या दिवशी ती सामान आणायला निघाली, तर पार्टवाल्याने तिला हाक मारली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तो खोकी पुसत बसला होता. वहिनी, तुम्ही तरी वैद्यांना सांगा, तो म्हणाला. त्यांनी नुसतं एकदा तो पट्टा हातात घेऊन बघावा. ते म्हणाले नकली, तर मी नकली मान्य करतो. पण ते काहीच बोलत नाहीत हो. तिने व्हॅनची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि विचारलं, पट्टा कधी नेला होता? त्याने तारीख सांगितली. ती नातीच्या जन्माची तारीख होती.

घरी येऊन तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि तो यायची वाट बघत बसली.

"व्हॅनचा पट्टा तुम्ही लावलात," तो चपला काढत असतानाच ती म्हणाली. "आणि मला फोनवर नाही म्हणालात."

त्याने दुसरी चप्पल काढायला बराच वेळ लावला. "कुणी मेलं नाही," तो म्हणाला.

"तो पार्टवाला मरतोय तिथे खोकी पुसत."

"मी सांगितलं तर मला काय उरतं? सांग ना. उद्यापासून मी सकाळी उठून काय करायचं?"

तिने ताट वाढलं. तो जेवला. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. पण सकाळी तिने धुतलेला शर्ट त्याच्यापुढे ठेवला तेव्हा चिकटपट्ट्या उसवलेल्या होत्या आणि बटणं आपल्या जागी परत शिवलेली होती. तो शर्ट घालून तिच्यापुढे उभा राहिला. ती कणभरही हलली नाही, भांडी विसळत राहिली. वीस मिनिटांनी तो गेला. शर्ट एका बाजूला खाली लोंबत होता.

गॅरेजात मालक आणि रंगारी चहा पीत होते. वैद्य त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, की त्या पट्ट्यात खोट नव्हती, सैल लागला होता.

मालक हसला. पार्टवाल्याची दया येतेय का बुवा तुम्हाला, म्हणाला.

"माझी बोटं गेलीत, मालक. केव्हाचीच. काही कळत नाही."

मालकाला अजून ती थट्टाच वाटत होती. तेव्हा वैद्याने डोळे मिटले आणि हात पुढे केला, बोटं पसरून. बोटांवर काहीही ठेवा, म्हणाला. मालकाने ट्रेमधला एक छोटा नट उचलला आणि त्याच्या बोटांच्या टोकांवर ठेवला.

वैद्य तसाच उभा होता.

"ठेवा ना," तो म्हणाला.

रंगाऱ्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"ठेवा ना, मालक."

"ठेवलाय, बुवा," मालक म्हणाला.

दुपारी बारा वाजता तो घरी परत आला. सांगितलं, एवढंच म्हणाला. तिने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मालकाने घरी बसायला सांगितलं होतं, गोड शब्दांत. आणि पट्ट्यांची कामं रविवारवर गेली तेव्हापासूनच्या सगळ्या गाड्या परत बोलावून यंत्राने तपासणार होता. पार्टवाल्याचं काय ते त्यानंतर बघू, म्हणाला होता.

"कशाला? ते बावीस बरोबर आहेत."

"मला माहितीय."

"मग सांगायचं ना, कुणी बघितलेत ते."

तो पाणी प्याला. "त्यांनी विचारलं नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं, जाऊ दे, एका दिवसात माणूस किती गिळणार.

तीन आठवडे गाड्या तपासायला येत होत्या. वैद्य खिडकीशी बसून असायचा. आवाजावरून कुठली गाडी गॅरेजकडे वळली हे तो ओळखायचा, पण ते ऐकायला कुणी नव्हतं. ती बाजारात गेली की तिला बातम्या मिळायच्या. आधी मिळाल्या त्या दबक्या आवाजात. मग लोक थांबून सांगायला लागले. रंगाऱ्याने तर रस्त्यावर तिला नमस्कारच केला. एकोणीस गाड्या झाल्या वहिनी, काटा जिथे पाहिजे तिथे. केसाचा फरक नाही. बधिर बोटांनी! त्या शिट्टी वाजवणाऱ्या जुन्या गाडीची कुणाला आठवण राहिली नव्हती. या स्तुतीच्या पुढची पायरी कुठली, ते तिला दिसत होतं.

आणि ती पायरी चढून मालक स्वतः घरी आला, मिठाईचा पुडा घेऊन. बावीसच्या बावीस बरोबर निघाल्या होत्या. वैद्याच्या समोर खुर्ची ओढून तो म्हणाला, की बुवा, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. बोटं गेली असतील, पण हात गेला नाही. बावीस बरोबर आणि एकच चूक, असं कसं होईल? मुळात पट्टाच नकली होता. मी म्हणत होतो तेच खरं. पार्टवाल्याने अर्धं दुकान मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने दिलंय, उरलेलंही देईल, बरं होईल. उद्यापासून या. नुसते बसून राहा, लोकांना बरं वाटतं.

बायको चहा घेऊन आली होती. ट्रे हातात धरून ती नवऱ्याकडे बघत उभी राहिली. तो काहीतरी म्हणेल म्हणून थांबली. त्याच्या चेहऱ्यावर तिने दोन वर्षांत बघितलं नव्हतं असं काहीतरी आलं होतं. तो उजळला होता. नजर मात्र त्याने खाली ठेवली होती, मिठाईच्या पुड्यावर.

"ते बावीस मी बघितले होते," ती म्हणाली. "रविवारी. माझ्या बोटांनी. तेविसावा यांनी एकट्याने लावला, मी मुलीकडे होते."

मालक हसायला लागला आणि मध्येच थांबला. तो वैद्याकडे वळला. "बुवा?"

खाली रस्त्यावरून एक गाडी गेली.

"हो," वैद्य म्हणाला.

मालकाने चहा संपवला नाही. आपल्याला दीड वर्ष वेड्यात काढलं असं त्याला वाटलं असावं, आणि ते खोटंही नव्हतं. तिच्याकडे एकदा बघून तो जिना उतरला. तिने पट्टे बरोबर लावले होते याबद्दल तो काही बोलला नाही. मागाहूनही कधी कुणी बोललं नाही.

"चैन पडत नव्हतं तुला," नवरा म्हणाला. "उद्यापासून या म्हणत होते ते."

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"पार्टवाल्याकडे. मालक सांगतील तेव्हा सांगतील. आपण आपलं सांगायचं."

ती हट्ट सोडेल म्हणून तो बसून राहिला. मग उठला. जिना उतरताना त्याने कठडा धरला होता. कठडा हाताला लागतोय का हे बघण्यासाठी तो पायरीऐवजी हाताकडेच बघत होता, आणि ती त्याच्या एक पायरी पुढे, आडवी उतरत होती.

दुकानाच्या पुढच्या भागात रंगीबेरंगी कव्हरं टांगलेली होती, दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. पार्टवाला मागच्या अर्ध्या अंधारात एका स्टुलावर होता. त्याने उठून वैद्याला बसायला स्टूल दिलं. वैद्य बसला नाही.

"पट्टा चांगला होता," तो म्हणाला. "मी सैल लावला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि नंतर तर कळलंच होतं."

पार्टवाल्याने ऐकून घेतलं. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं, तिला वाटलं. त्याने तिच्याकडे बघितलं, पुन्हा वैद्याकडे बघितलं, मग मागे वळून रिकाम्या फळ्यांकडे बघितलं. फळीवर राहिलेली चार खोकी त्याने सारखी केली.

"बरं," तो म्हणाला. "आणखी काही हवं होतं का?"

"नाही," वैद्य म्हणाला.

पुढच्या भागात एक मुलगी आरशासमोर फोन धरून कव्हराचा रंग बघत होती. तिला वाट द्यायला ती दोघं बाजूला झाली आणि मग बाहेर आली.